जेऊरला उतरल्यावर

पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, जेऊर, भाळवणी, केम. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरची ही सगळी स्टेशनं करमाळा तालुक्यातली. खुद्द करमाळ्याला मात्र रेल्वे नाही. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस जेऊरला उतरतो आणि पुढचे वीसेक किलोमीटर मिळेल त्या वाहनानं कापतो. दिवसा एसटी असते, जीप असते, रिक्षा असते. रात्री जे असेल ते असतं आणि दर तो सांगेल तो.

जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. ‘सैराट’चं बरंच चित्रीकरण याच तालुक्यात झालं, त्यामुळे २०१६ नंतर कमलाभवानीचं मंदिर आणि ९६ पायऱ्यांची विहीर बघायला बाहेरचे लोक जास्त येऊ लागले. हे पाहुणे स्टेशनाबाहेर येताच सवयीनं खिशातून फोन काढतात आणि कॅबचं ॲप उघडतात. इथला माणूस फोन काढत नाही. तो आधी समोरची जीप किती भरलीय ते बघतो.

ओला-उबर आणि परवानाधारक टॅक्सी यांच्या भांडणावर लिहायचं तर मुंबईच्या विमानतळावर किंवा पुणे स्टेशनावर जावं, करमाळ्यात काय आहे, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. मुंबई-पुण्यात हे भांडण २०१३-१४ नंतर पेटलं. करमाळ्यात ते त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. इथे त्याचं नाव ‘एसटी आणि वडाप’; वडाप म्हणजे सीटमागं पैसे घेणारी खासगी जीप. परवाना कुणाकडे, प्रवासी कुणाचा, दर कोण ठरवणार आणि तोट्याच्या रस्त्यावर कोण जाणार, हे चारही प्रश्न तेच आहेत. शहरानं ते ॲपमध्ये घालून नवे म्हणून मांडले, एवढंच.

वडापची गाडी कशी भरते ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. पुढं ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दोघं, गर्दी असली तर तिघं. त्यातल्या मधल्याच्या दोन गुडघ्यांमध्ये गिअरचा दांडा. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एकजण. म्हणजे ड्रायव्हर स्वतःच्या गाडीत अर्ध्या सीटचा पाहुणा. मधल्या बाकावर चौघं आणि मांडीवरची पोरं, त्यांचं भाडं नाही. मागं समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा, पायात पिशव्या, आणि मागच्या पायरीवर लटकलेली कॉलेजची दोन पोरं. टपावर खताचं पोतं किंवा कुणाची तरी ट्रंक. आरसी बुकात आसनं किती लिहिलीत हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही.

गाडी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. पण भरेपर्यंत माणसं टिकवून धरणं ही वेगळी कला. इंजिन चालू करून ठेवायचं. दोन हात पुढं घ्यायची, पुन्हा मागं घ्यायची. ‘चला, निघाली, एकच सीट’ असं ओरडत राहायचं. ती एकच सीट अर्धा तास एकच राहते. शिवाय बायामाणसांना पुढं, म्हाताऱ्याला खिडकीशी, पिणाऱ्याला मागं पायरीजवळ, हे सगळं न सांगता ठरतं. भाडं उतरताना द्यायचं. सुटे नसले तर उद्या. आणि उतरायचं ठिकाण? ‘वस्तीच्या अलीकडं, बोरीखाली.’ नकाशावर टाचणी लावून ते सापडणार नाही, ड्रायव्हरला पाठ असतं.

अड्ड्यावर नंबर असतो. जी गाडी आधी आली तिचा आधी नंबर. तिचा भरणा पूर्ण झाल्याशिवाय मागच्यानं प्रवासी घ्यायचा नाही. घेतला तर भांडण, वेळप्रसंगी मारामारी. नंबर लावणारा, हाळी देणारा माणूस प्रत्येक फेरीमागं ठरलेले पैसे घेतो. कधी तो संघटनेचा असतो, कधी कुणा दांडग्याचा. त्याच्या वर आणखी कोण कोण असतं यावर अड्ड्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज नवी चर्चा होते. ती इथं नको. मुद्दा असा की प्रवासी आणि गाडी यांची गाठ घालून देणारा, कुणाला पुढचं भाडं द्यायचं हे ठरवणारा आणि त्याबद्दल कमिशन घेणारा माणूस आमच्याकडे आधीपासून होता. कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं त्याला फोनमध्ये बसवलं. फरक मोठा पडला, पण तो कामाच्या स्वरूपात नाही. अड्ड्यावरच्या माणसाशी भांडता येतं. फोनमधल्याचा पत्ताच लागत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात भाड्याच्या प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक टप्पा वाहतूक, म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र तिकीट घेत, वाटेत चढवत-उतरवत जायचं. दुसरी कंत्राटी वाहतूक, म्हणजे अख्खी गाडी एका गिऱ्हाइकानं ठरवायची आणि तिथून तिथं जायचं; मध्येच कुणाला घ्यायचं नाही. महाराष्ट्रात टप्पा वाहतूक बहुतेक रस्त्यांवर एसटीसाठी राखीव. पिवळ्या पाटीच्या जीपला मिळतो तो कंत्राटी परवाना. म्हणजे ती लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेली तर कायदेशीर आणि जेऊरच्या रस्त्यावर सीटमागं पैसे घेतले तर बेकायदेशीर. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ताही तोच. पांढऱ्या पाटीच्या गाडीला तर दोन्ही बंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या अटी मोडल्या तर दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एसटी स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी गाडी उभी करायची नाही, असाही नियम आहे. दोनशे मीटर कसे मोजायचे यावर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात वेगळी भूमिती चालते.

पुण्यात ॲपवर धावणाऱ्या कॅबची गोष्ट याहून फार वेगळी नाही. या गाड्यांना परवाना पर्यटक टॅक्सीचा. धावायच्या शहरातल्या टॅक्सीसारख्या. काळी-पिवळीला मीटर, ठरलेला दर, रंग आणि बिल्ला. यांना यातलं काही नाही. ही फट बुजवण्यासाठी राज्यानं मार्च २०१७ मध्ये ‘महाराष्ट्र सिटी टॅक्सी नियम’ काढले. ते न्यायालयात अडकले. केंद्रानं २०१९ मध्ये कायदा बदलून ॲप कंपन्यांना परवाना सक्तीचा केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला फर्मावलं. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं ओला आणि उबरचे चारचाकीसाठीचे अर्ज फेटाळले. दुसऱ्या दिवशी गाड्या होत्या तशाच धावत होत्या.

जेऊर रस्त्यावरची जीप आणि हिंजवडीतली कॅब, दोन्ही परवान्याच्या त्याच रेषेपलीकडं उभ्या. एकीला चौकात हवालदार अडवतो. दुसरीसाठी वकिलांची फौज दिल्लीपर्यंत जाते.

एसटीची बाजूही इथेच मांडायला हवी, कारण वडापचं कौतुक करणारे ती विसरतात. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर धावली. हे नगर करमाळ्याच्या उत्तरेला, नगर-टेंभुर्णी रस्त्यावरून थेट जाता येईल असं. तेव्हापासून एसटीवर एक बंधन आहे: तीन प्रवासी असले तरी मुक्कामी गाडी खेड्यात जाते आणि सकाळी शाळेची पोरं घेऊन परत येते. पासावर, सवलतीवर, कधी फुकटही. वडापवाला भरल्या रस्त्याचा राजा. दुपारी बारा वाजता जेऊर-करमाळा तो धावेल. रात्री मुक्कामाला आडगावात जाणार नाही. दुधावरची साय तो उचलतो आणि उरलेलं पातळ दूध एसटीच्या गळ्यात मारतो. मग एसटी तोट्यात जाते, तोट्यामुळे गाड्या जुन्या होतात, फेऱ्या कमी होतात आणि कमी फेऱ्यांमुळे प्रवासी पुन्हा वडापकडं वळतो. शहरातल्या ॲपबद्दल काळी-पिवळीवाल्यांची तक्रार नेमकी हीच.

या भांडणात दोनदा पारडं फिरलं. दोन्ही वेळा ॲपचा काही संबंध नव्हता.

पहिल्यांदा २०२१ च्या दिवाळीत. एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. ऐन सणात माणसं स्थानकांवर अडकली. तेव्हा सरकारनंच अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर अवैध वाहतुकीच्या पावत्या फाटत होत्या ते एका रात्रीत राज्याचे तारणहार झाले, स्थानकाच्या आत गाड्या लावू लागले. दरही त्यांनी तारणहाराचाच घेतला.

दुसऱ्यांदा १७ मार्च २०२३ ला. त्या दिवसापासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासूनच मोफत प्रवास होता. वडापचं हमखास गिऱ्हाईक कोण? बाजाराला जाणाऱ्या बाया, दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं, माहेरी निघालेली लेक आणि तिची पोरं. तोच सगळा भरणा एसटीकडं वळला. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी अर्धं तिकीट ते अर्धंच. हात दाखवला तरी बस थांबेना म्हणून पूर्वी जी बाई जीपमध्ये बसायची ती आता बसची वाट बघते. नवरा जीपनं पुढं जातो आणि ती मागून बसनं येते, असाही संसार या रस्त्यांवर चालतो.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण ॲपच्या सुरुवातीच्या यशाचं गुपितही तिकिटातच होतं. २०१४ ते २०१६ मध्ये पुण्यात कॅब रिक्षापेक्षा स्वस्त मिळायची. एसी गाडी, दारात येणार, दर कमी, वर पहिल्या फेऱ्यांना सूट. ते पैसे कुठून यायचे? सॉफ्टबँकेसारख्या गुंतवणूकदारांच्या खिशातून. ड्रायव्हरला दिवसाला इतक्या फेऱ्या केल्या की इतका बोनस. प्रवासी खूश, ड्रायव्हर खूश, रस्त्यावरचा रिक्षावाला आणि काळी-पिवळीवाला मात्र बसला. एसटीची अर्धी तिकिटं सरकारी तिजोरी भरते, ॲपची भरत होते गुंतवणूकदार. दोन्हीकडं प्रवाशाच्या तिकिटात तिसऱ्याचा पैसा आहे. पण एसटीला त्याबदल्यात रात्री आडगावात जावं लागतं. ॲपला कुठंच जावं लागत नाही. मागणी नसेल तिथं ते उगवतच नाही, आणि पावसात मागणी वाढली की दर दुप्पट करतं.

त्या बोनसच्या दिवसांत करमाळ्यातून पुण्याला गेलेली पोरं पुष्कळ. त्याआधी सोलापूर जिल्ह्यानं २०१२-१३ चा दुष्काळ बघितला होता आणि २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच. उजनी धरणाचं बॅकवॉटर उशाला असलेल्या गावांचं एक बरं. केळी आणि ऊस तगतो. तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला तसं पाणी नाही. शेत पडीक, हाताला गाडी येतेय, मग डाऊन पेमेंटपुरते पैसे जमवायचे, कर्ज काढायचं, पिवळी पाटी लावायची आणि हडपसर किंवा वाघोलीला चौघांत खोली घेऊन राहायचं. आरटीओ अकलूजचं, म्हणून पाटी एमएच ४५ ची. पुण्यात सिग्नलला शेजारी अशा पाटीची कॅब दिसली की आमच्याकडचा माणूस काच खाली करून गाव विचारतो.

पहिल्या वर्षी जमलं. मग बोनसची पायरी वर वर चढत गेली आणि कमिशन वाढलं. गाड्यांची संख्या इतकी झाली की फेऱ्या कमी पडू लागल्या. हिशेब साधा आहे. समजा ॲपवर प्रवाशानं दोनशे रुपये दिले. त्यातून कंपनीची कपात गेली, सीएनजी गेला आणि रिकामं धावलेलं अंतर गेलं. हे शेवटचं कुणी धरत नाही. भाडं सोडून पुढचं भाडं मिळेपर्यंत आणि ते घ्यायला जाईपर्यंतचे किलोमीटर ड्रायव्हरच्या खिशातून जातात. उरलं त्यात गाडीचा हप्ता, विमा, टायर, खोलीचं भाडं आणि गावाकडं पाठवायचे पैसे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ॲपच्या चालकांनी संप केला, तो दिवाळीच्या तोंडावर सुटला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या आणि हप्ते मात्र चालूच.

पुण्याच्या प्राधिकरणानं एसी टॅक्सीचा दर ठरवला, १ जानेवारी २०२४ पासून लागू: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढं प्रत्येक किलोमीटरला २५. म्हणजे बारा किलोमीटरला तीनशेच्या घरात. कॅबवाले तेव्हापासून हाच कागद घेऊन आंदोलनं करताहेत, कारण ॲप दाखवतं ते यापेक्षा कमी. सरकारनं ठरवलेला दर कंपनी पाळत नाही, प्रवासी अर्थातच मागत नाही आणि ड्रायव्हरनं मागितला तर प्रवासी तक्रार करतो, मग आयडी बंद. मुंबईत जुलै २०२५ मध्ये हेच भांडण आझाद मैदानावर आलं. त्याआधी मे महिन्यात राज्यानं ॲप कंपन्यांसाठी धोरण आणलं होतं: गर्दीच्या वेळी मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त नाही, सूट पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नाही, भाड्यातला ऐंशी टक्के वाटा चालकाचा आणि बुकिंग रद्द केलं तर दोघांनाही दंड. सप्टेंबरमध्ये मुंबई परिसरासाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर जाहीर झाला. काळी-पिवळीचा दर त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे आहे. परवानाधारक आणि ॲपवाला कागदावर जवळपास एका रांगेत आले ते इतक्या वर्षांनी.

तोवर काळी-पिवळी थकून गेली होती. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. मी त्या हळवेपणात सामील नाही. दादरला उतरून जवळच्या भाड्याला नकार न ऐकलेला कुणीही नसावा. मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमात भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. परवाना म्हणजे नुसता हक्क नाही. त्याच्या पोटात ‘नेईन’ हे वचन आहे. ते वचन मोडून मोडून काळी-पिवळीनं ॲपसाठी जागा करून दिली. ॲप आलं तेव्हा लोकांना स्वस्ताईइतकंच आवडलं ते हे की ‘येता का?’ असं विचारावं लागत नाही. आता ॲपचा ड्रायव्हरही फोन करून विचारतो, ‘कुठं जायचंय? रोख का ऑनलाइन?’ आणि नंतर बुकिंग रद्द करतो.

गोव्यात तर एकानं दुसऱ्याला शिरूच दिलं नाही. पर्यटक टॅक्सीवाल्यांनी ओला-उबर राज्याबाहेर ठेवली. सरकारनं २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ हे स्थानिक ॲप आणलं, त्यालाही विरोध, संप, रस्त्यावर बाचाबाची. टॅक्सींना डिजिटल मीटर बसवण्यासाठी उच्च न्यायालयाला दट्ट्या द्यावा लागला. मे २०२५ मध्ये ॲपसाठी नवा मसुदा आला आणि पुन्हा तेच रामायण. गोव्यातल्या टॅक्सीवाल्याची बाजू खोटी नाही. जमिनी गेल्या, खाणी बंद पडल्या, त्याच्या हाती गाडी उरली. पण विमानतळावर उतरलेला प्रवासी तो इतिहास वाचत नाही, तो सांगितलेला आकडा ऐकतो. स्पर्धा अडवून धरणाऱ्यांनी निदान दराचा फलक तरी लावायला हवा होता.

महाराष्ट्रात गंमत पुढंच आहे. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये एसटी महामंडळाच्या माध्यमातून ‘छावा राइड’ नावाचं सरकारी ॲप आणण्याची घोषणा केली. म्हणजे ज्या एसटीनं वडापशी उभा जन्म भांडण केलं तीच आता कॅब, रिक्षा आणि बाइक टॅक्सी जोडून देणार. कल्पना वाईट नाही. पण असल्या धोरणांचा तोंडवळा शहरी असतो. इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला राज्यानं २०२५ मध्ये परवानगी दिली ती किमान एक लाख लोकवस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत करमाळा शहर पंचवीस हजारांच्या आत होतं. अशी किती तालुक्याची गावं महाराष्ट्रात आहेत ते वाचकानं आपल्या जिल्ह्यात मोजून बघावं.

मग करमाळ्याचा माणूस ॲपशिवाय काय करतो? त्यानं त्याचं ॲप बनवलंय. पाच-सहा ड्रायव्हरांचे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असतात, नावापुढं गाडीचं नाव: अमुक क्रुझर, तमुक इको, फलाणा इर्टिगा. रात्रीच्या रेल्वेनं येणारा पुणेकर पोरगा दौंड सुटल्यावर फोन करतो, ‘दादा, जेऊरला याल का?’ दादा अजून कोण कोण येतंय ते विचारतो, चार सीट जमल्या तर गाडी काढतो. व्हॉट्सॲपच्या गटात ‘उद्या पहाटे पुणे, दोन सीट’ असा निरोप पडतो. परतीची गाडी रिकामी येणार असेल तर अर्ध्या पैशात सौदा. पुण्यात हडपसरच्या गाडीतळावर ‘इंदापूर, टेंभुर्णी, सोलापूर’ अशी हाळी आजही चालू असते. त्यातल्या किती गाड्या पिवळ्या पाटीच्या आणि किती पांढऱ्या, हे तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. ओळखीवर चालणारी ही व्यवस्था स्वस्त आणि लवचीक आहे. ती चांगली आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीला अपघात झाला आणि भाडं घेतल्याचं निघालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. ज्याची ओळख नाही त्याला रात्री गाडी नाही. एकट्या बाईला कुणाच्या गाडीत बसावं याचा भरवसा ओळखीच्या पलीकडं कुठंच लिहिलेला नाही. या तीन बाबतींत ॲप खरोखर सरस आहे. गाडीचा नंबर, चालकाचा फोटो आणि चाललेला रस्ता घरच्यांना दिसतो. वडापवर प्रेम करणाऱ्यानं हे नाकारू नये.

परवाना, नोंद, तपासणी यांना आपल्याकडे लालफीत म्हणायची सवय लागलीय. त्यांचा अभाव काय करतो हे करमाळ्यानं पाण्यावर बघितलंय. उजनी धरणानं भीमेचं पात्र फुगवलं आणि करमाळा-इंदापूर तालुक्यांतली शेजारची गावं समोरासमोर असून लांब गेली. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल एका टोकाला. इतरांना मोठा वळसा. म्हणून पलीकडं जायला होड्या. दवाखाना, बाजार, सोयरीक सगळं होडीनं. मोटरसायकलसुद्धा होडीत. हीसुद्धा वडापच, फक्त पाण्यावरची: भरली की सुटते, पैसे माणशी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला लागला. सहा माणसं बुडाली. त्यांत लहान मुलंही होती. मृतदेह काढायला पुढचे काही दिवस लागले. त्यानंतर लाइफ जॅकेट, परवाने, तपासणी यांची चर्चा झाली. रस्त्यावरच्या पायरीला लटकलेल्या पोरांची ती होत नाही, कारण तिथं माणसं एकेकानं मरतात.

या सगळ्यावर तोडगा म्हणून वडाप बंद करा म्हणणारे आणि सगळं खुलं करा म्हणणारे, दोघंही मला पटत नाहीत. बंद केलं तर एसटीच्या आहेत तेवढ्या फेऱ्यांत माणसं मावणार नाहीत. खुलं केलं तर साय खाणारे वाढतील आणि मुक्कामी गाडी आधी बंद पडेल. शहरात रिक्षांचे परवाने २०१७ मध्ये खुले केले. कोंडी वाढली, प्रत्येकाचा धंदा कमी झाला आणि जवळच्या भाड्याला नकार होता तसाच राहिला. परवान्याला जोडून सेवेची अट नसेल तर परवाना हा नुसता कागद. ॲपलाही तेच लागू.

अधिकार कुणाचा याबद्दल संदिग्धता नाही. जिल्ह्याचं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असतं. शेअर रिक्षा, शेअर टॅक्सीचे मार्ग आणि दर तेच ठरवतं. मुंबईत शेअर टॅक्सीचे असे मार्ग अनेक वर्षं चालताहेत. जे नरिमन पॉइंटला चालतं ते जेऊर-करमाळा, केम-करमाळा रस्त्यांवर का नाही? जीपला सीटमागं भाडं घ्यायचा रीतसर परवाना द्या, आसनाइतकीच माणसं आणि विमा बंधनकारक करा. बदल्यात एक अट घाला: ज्याला दिवसाचा नंबर हवा त्यानं पाळीनं रात्रीच्या रेल्वेलाही गाडी लावायची. दर आणि पाळीतल्या ड्रायव्हरचा नंबर स्टेशनाबाहेर मराठीत लिहा. एसटीच्या वेळापत्रकात अर्ध्या तासाच्या आत बस असेल तेव्हा त्या मार्गावर जीपनं थांबायचं, हेही लिहून घ्या. सरकारी ॲप येणारच असेल तर त्यात या जिपा पहिल्यांदा घ्या. तिथं ते ॲप खरंच लागतं.

कुगाव ते शिरसोडी पुलाचं काम हाती घेतलं आहे. तो झाला की इंदापूर बाजू मिनिटांवर येईल आणि त्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी अड्डा पडेल, नंबर लागेल, दांडगा कोण ते ठरेल. सोलापूर आणि पुणे, दोन्ही जिल्ह्यांच्या प्राधिकरणांनी त्या आधी एकत्र बसून त्या पुलावरचा मार्ग, दर आणि एसटीच्या फेऱ्या जाहीर कराव्यात. पुलाच्या दोन्ही टोकांच्या ग्रामपंचायतींनी तसा ठराव आत्ताच करून पाठवावा.